अट घाला, उत्तर सांगू नका

थंडी पडायला लागली की नागपुरात उत्तर अंबाझरी मार्गावरच्या राष्ट्रभाषा भवनाच्या आवारात एक मेळावा भरतो. नाव ‘अपूर्व विज्ञान मेळावा’. टेबलांवर फुगे, स्ट्रॉ, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, मेणबत्त्या, आरसे, सिरिंजा असलं सामान मांडलेलं असतं. टेबलामागे उभी असतात महापालिकेच्या शाळांतली मुलं. कुणी मराठी माध्यमाचं, कुणी हिंदी, कुणी उर्दू. बघायला आलेल्यांत मोठ्या फीच्या शाळांतली मुलं असतात, त्यांचे शिक्षक असतात, आणि त्या सगळ्यांना हवेचा दाब समजावून सांगत असते ती पालिकेच्या शाळेतली मुलगी. या शहरात ज्ञान एरवी ज्या दिशेनं वाहतं, त्याच्या उलट दिशा इथे काही दिवस बघायला मिळते. माझ्या लेखी या मेळाव्याची सगळ्यांत मोठी कमाई तीच.

महापालिकेबरोबर हा मेळावा भरवते ‘असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन’ ही संस्था. नाव लांबलचक, काम सरळ. सुरेश अग्रवाल आणि त्यांचे सहकारी मुलांना आधी तयार करतात आणि मग मांडवात सोडून देतात. शंभराच्या आसपास प्रयोग, आणि त्यांतल्या बहुतेकांचं सामान घरातल्या अडगळीतून निघेल असं. शाळेत प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही, अनुदान आलं नाही, या सबबींना परस्पर उत्तर मिळतं.

पण प्रयोग ही एक गोष्ट आणि आव्हान ही दुसरी. प्रयोगात काय होणार हे करून दाखवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. काठोकाठ भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून ग्लास उलटा केला तर पाणी सांडत नाही. मागच्या वर्षी सांडलं नाही, पुढच्या वर्षीही सांडणार नाही. अभियंत्याच्या कामात असं नसतं. तिथे कुणीतरी म्हणतं: एवढंच सामान, एवढाच वेळ, एवढं वजन पेललं पाहिजे, कसं ते तुझं तू बघ. दहा मुलांची दहा उत्तरं येतात, त्यांतली निम्मी कोसळतात, आणि उभी राहिलेली एकमेकांसारखी दिसत नाहीत. पहिल्या प्रकारापर्यंत आपल्या शाळा कशाबशा पोचल्या. दुसरा प्रकार ‘प्रोजेक्ट’ नावाच्या वस्तूनं गिळला. प्रोजेक्ट म्हणजे काय ते पालकांना सांगायला नको. रविवारी रात्री नऊला आठवतो, स्टेशनरीच्या दुकानातून अर्धा तयार येतो, उरलेला अर्धा वडील करतात, आई रंगवते, आणि सोमवारी सकाळी तो ज्वालामुखी स्कूटीवर मांडीत धरून शाळेत पोचवायचं काम तेवढं मुलाकडे राहतं.

या बाबतीत महाराष्ट्राजवळ अरविंद गुप्तांचा धडा आहे, आणि तो आपण अर्धाच घेतला. १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेला हा अभियंता पुण्यात टेल्कोत लागला आणि १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेला. नागपूरहून दिल्लीकडे जाणारी गाडी इटारसी सोडते, त्याच्या जरा पुढे हे गाव. आता त्याला नर्मदापुरम म्हणतात. तिथे १९७२ पासून सोळा सरकारी शाळांत पाठांतराऐवजी हातानं विज्ञान शिकवायचा उपक्रम सुरू झाला होता. गुप्तांना तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या, एवढ्यावर त्यांनी सांधे जोडले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच तिरपा होतो. भूमितीच्या वहीत दोन्ही आकृत्या सारख्याच निमूट बसलेल्या असतात; हातात घेतल्यावर कळतं की त्यांतली एक पुलाच्या कामाची आहे आणि दुसरी नाही. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण मात्र त्यांची खेळणी उचलली आणि कृती पाठ केली: पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. काडी-नळीशी खेळताना वाट हरवण्याची मोकळीक त्या कृतीतून गळून गेली.

ती मोकळीक देऊन पाहायची म्हणून आमच्या प्रतापनगरातल्या कॉलनीत सुट्टीच्या दुपारी पोरं गोळा करायला लागलो. पहिलं आव्हान परदेशातून उसनं घेतलं. पीटर स्किलमन या डिझायनरनं रचलेला आणि टॉम वुजेक यांनी २०१० च्या एका भाषणातून जगभर पोचवलेला खेळ आहे: कच्च्या स्पॅगेटीच्या वीस काड्या, वारभर चिकटपट्टी, वारभर दोरी, अठरा मिनिटं, मनोरा रचायचा आणि टोकावर मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई ठेवायची. वुजेक सांगतात की या खेळात व्यवस्थापनाचं शिक्षण घेणारे विद्यार्थी बालवाडीच्या मुलांपेक्षा मागे पडतात. मोठी माणसं आधी आराखडा करतात, मग बराच वेळ मनोरा रचतात, शेवटच्या क्षणी वर मिठाई ठेवतात आणि सगळं खाली येतं. लहान मुलं मिठाई पहिल्यापासून हातात घेऊन बसतात. ठेवतात, पडते, पुन्हा ठेवतात.

आमच्याकडे स्पॅगेटीच्या जागी खराट्याच्या काड्या आल्या आणि मिठाईच्या जागी संत्रं. दिवाळीच्या आसपास आंबिया बहाराची संत्री नागपुरात येतातच. पण हा बदल वाटला तेवढा साधा नव्हता. मिठाई हलकी असते. संत्रं चांगलं दीडेकशे ग्रॅमचं आणि वरून गोल. काडी उभी धरून टोकावर वजन दिलं की ती मोडण्याआधी कमरेत वाकते. या वाकण्याचं गणित लिओनार्ड ऑयलरनं अठराव्या शतकातच मांडून ठेवलं आहे: त्याच जाडीची काडी दुप्पट लांब केली तर ती चौथ्या हिश्श्याच्या वजनालाच वाकते. पोरांना ऑयलर ठाऊक नव्हता, पण थोड्याच वेळात एक जण ओरडला, “अबे, लांब काडी घेऊ नको बे, ते वाकून राहिलं ना!” ऑयलरचं सूत्र नागपुरी बोलीत याहून नेमकं सांगता येणार नाही. मग कुणी काड्या अर्ध्या मोडल्या, कुणी चार-चार काड्यांच्या जुड्या बांधल्या. जुडी बांधणाऱ्यांचा मनोरा बुटका पण पक्का झाला. एका गटानं मधोमध सुतळीचे ताण दिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण रामझुल्यावरून जयस्तंभ चौकाकडे जाताना तिरप्या तारांनी धरलेला पूल त्यांनी लहानपणापासून पाहिलाय. संत्रं खाली पडल्यावर फुटत नाही, उलट ते सोलून खाता येतं. आव्हानाच्या सामानात हा गुण फार कमी वस्तूंत असतो.

या दुपारी सगळ्यांत जास्त त्रास कुणी दिला असेल तर अभियंता वडिलांनी. १९६० साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या कॉलेज, आताचं व्हीएनआयटी, आमच्या भागापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कॉलनीत अभियंते भरपूर. ते येतात, हाताची घडी घालून दोन मिनिटं बघतात आणि मग “असं नाही रे, हे इकडे दे” म्हणून खाली बसतात. पोरगं बाजूला सरकतं आणि मोबाइल मागतं. आम्ही शेवटी वडिलांसाठी वेगळी काड्यांची जुडी ठेवली. त्यांचा मनोरा सगळ्यांत सुबक झाला आणि संत्रं ठेवताच बसला.

कागदी पुलाचं आव्हान त्याहून सोपं, आणि नागपूरच्या पोरांना जवळचं. वहीच्या आकाराचा एकच कागद, पुस्तकांच्या दोन थप्प्यांमध्ये वीतभर फट, आणि पुलावर जास्तीत जास्त नाणी. कागद सपाट ठेवला तर दोन-तीन नाण्यांत पोट टेकवतो. मग कुणीतरी त्याच्या पंख्यासारख्या घड्या घालतं, आणि तोच कागद मूठभर नाणी पेलतो. कागद वाढला नाही, त्याची उंची वाढली. पट्टी आडवी धरली तर सहज वाकते, उभ्या धारेवर धरली तर वाकत नाही, तेच हे. खोली दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. गच्चीवरचा पन्हाळी टिनपत्रा याच हिशेबावर टिकतो. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा जो ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल २०२२ मध्ये गिनीजच्या नोंदीत गेला, त्याच्यावरून ही पोरं रोज शाळेत जातात. मेट्रोचा मार्ग काँक्रीटच्या भरीव लाद्यांवर नाही, आतून पोकळ खोक्यांवर उभा आहे, हे मात्र घड्यांचा कागद हाताळेपर्यंत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

घड्यांच्या पुलाची गंमत तो कसा हरतो यात आहे. तो मोडत नाही, फाकतो. नाणी वाढली की घड्या दोन्ही बाजूंना पसरतात, पूल पुन्हा सपाट व्हायला लागतो आणि आपली उंची गमावतो. हे ज्या मुलीनं डोळे बारीक करून पाहिलं, तिनं दुसऱ्या वेळी कागदाच्या काठाची पट्टी फाडून घड्यांच्या खालून चिकटवली. कागद तेवढाच, नाणी जास्त. “काका, हे फाकून राहिलं होतं, म्हणून याला बांधलं,” एवढंच तिचं स्पष्टीकरण. पडलं कसं हे पाहायला शिकणं हीच या खेळाची खरी शिकवणी, आणि त्यासाठी पडू द्यावं लागतं. जेम्स डायसननं धूळ ओढणाऱ्या यंत्राचे ५,१२७ नमुने केले तेव्हा एक चालला, असं तो स्वतः सांगतो. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनात न चाललेला नमुना टेबलाखाली सरकवतात.

उन्हाळ्यात नागपुरात आणखी एक आव्हान फुकट मिळतं: ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दोन सारखे बर्फाचे खडे घ्यायचे आणि तासभर गच्चीवर वाचवायचे. सामान वर्तमानपत्र, गोणपाट, लाकडाचा भुसा, जुनी शाल, कापूस. शाल पुढे केली की पोरं हसतात. “शाल गरम असते ना काका, बर्फ पटकन वितळंन.” शाल गरम नसते, ती आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही, हे सांगून पटत नाही. तासानं शालीतला खडा शिल्लक आणि उघडा खडा पाणी, हे बघितल्यावर पटतं. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवाल्याला हे कधीचं माहीत. त्याची लादी भुशात आणि गोणपाटात असते. उष्णता अडवायच्या याच युक्तीवर १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरून निघालेलं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. सुमारे १८० टनांपैकी १०० टन बर्फ शाबूत होता.

यात एक वाद दर वर्षी रंगतो: गोणपाट ओलं ठेवायचं की कोरडं? नागपूरचं पोर कूलरच्या हवेत वाढलेलं. मार्चमध्ये कूलर बाहेर निघतो, ताट्या बदलतात, पंप पाणी फेकतो, आणि कोरड्या हवेत पाणी उडताना गारवा येतो हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून पहिला कौल ओल्याला. पण भिजलेलं गोणपाट थेट बर्फाला लागलं तर पाण्यातून उष्णता भराभर आत जाते. बाहेरचा थर ओला आणि आतला कोरडा, ही तडजोड पोरांनी भांडून काढली. पुण्या-मुंबईच्या दमट पावसाळी हवेत हा कौल वेगळा लागेल. घरगुती आव्हानाचा मोठा फायदा हाच: उत्तर गावाप्रमाणे बदलतं, म्हणून ते मोबाइलवर शोधून उपयोग नसतो.

सामान स्वस्त असलं की आव्हान झालं, असा एक समज शाळांत ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावानं रुजला आहे. त्यातून बाटलीची फुलदाणी होते आणि महिनाभरात ती पुन्हा टाकाऊ होते. तिथे सामान आहे, अट नाही. अट म्हणजे काय, ती किती नेमकी असू शकते, याचा उत्तम नमुना पाहायचा तर नागपूरहून वर्ध्याला जावं लागतं. मगनवाडीतलं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलं. तिथे मांडलेल्या चरख्यांसमोर उभं राहताना एक जुनी जाहिरात आठवावी. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. एक लाख, १९२९ चे.

त्या बक्षिसाच्या अटी आजही अभियांत्रिकीच्या वर्गात लावाव्यात अशा आहेत. यंत्र हलकं, सहज हलवता येणारं हवं. हातानं किंवा पायानं, खेड्यातल्या साध्या झोपडीत चालायला हवं. एखाद्या बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता यायला हवं. आठ तासांत बारा ते वीस नंबरचं, ठरवून दिलेल्या लांबीचं सूत निघायला हवं. भारतात दीडशे रुपयांच्या आत तयार व्हायला हवं. वीस वर्षं टिकायला हवं, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जायला नको. मुदत ३० ऑक्टोबर १९३०. अटींत कुठेही चाक किती मोठं असावं, चात्या किती असाव्यात हे सांगितलेलं नाही. काय साधायचं ते काटेकोर, कसं साधायचं ते पूर्ण मोकळं. सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत आणि बक्षीस दिलं गेलं नाही. पण चरख्यावर डोकं चालवणं थांबलं नाही. येरवड्याच्या तुरुंगात घडत गेलेला, पुस्तकासारखा मिटणारा पेटी चरखा त्याच काळातला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्याच परिषदेत हातानं काम करत शिकण्याचा, नई तालीमचा, विचार मांडला गेला. टकळी फिरवता फिरवता गणित शिकायचं हे पुढे बऱ्याच शाळांत रूक्ष कवायत होऊन बसलं, हेही खरं. माझं मत असं की टकळी राहिली आणि ती जाहिरात विसरली गेली, म्हणून तसं झालं.

त्या जाहिरातीतली एक अट मला मुलांसाठी सगळ्यांत मोलाची वाटते: आठ तास चालवणारी ती बाई. अटीत माणूस आला की आव्हानाचा रंग बदलतो. ‘पुठ्ठ्याचा हात बनवा’ म्हटलं की पोरं यूट्यूबवरचा यंत्रमानवाचा हात काढतात. ‘आजीला न वाकता चप्पल उचलता येईल असं काहीतरी बनवा’ म्हटलं की पहिलं काम आजीकडे जाणं होतं. कॉलनीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनं चिमटा केला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, सुतळी, रबरबँड. आजीच्या हाताला पकड जमेना; बोटं आखडलेली. मग तिनं सुतळी बोटाऐवजी मनगटानं ओढायची व्यवस्था केली. चप्पल उचलली गेली. चिमटा दोन दिवसांत ओला होऊन लोळागोळा झाला, आणि तिची पुढची मागणी आली: बाबांचा जुना प्लास्टिकचा फोल्डर.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं हे काम संशोधन म्हणून केलं आहे. चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक वयाच्या मुलांकडून पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ असे तीन विषय करवून घेतले. शहरातली इंग्रजी शाळा, शहरातली मराठी शाळा आणि आदिवासी मुलांची आश्रमशाळा, तिन्हीकडे. मुलांनी आधी चित्र काढायचं, सामानाची यादी करायची, मग हात घालायचा. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून याहून पुढची पायरी गाठली. तिथली मुलं गावाला लागणाऱ्या खऱ्या वस्तू करतात, आणि तिथला त्रिकोणांचा घुमट, पाबळ डोम, हा गुप्तांच्या काडी-नळीचाच थोरला भाऊ. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून आल्या. सहावी ते बारावीसाठी, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५०,००० जाहीर झाल्या. चांगलंच आहे. पण ज्या खोलीतलं यंत्र बिघडेल म्हणून कुलूप लागतं, तिथे वीस लाखांपेक्षा वीस खराट्याच्या काड्या जास्त शिकवतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. ते सहलीत आणि भाषणांत संपवू नयेत, एवढंच शिक्षकांना मागणं.

तशी नागपूरच्या पोरांना अट नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघालेली पोरं बघा. ज्याच्या बैलाचं चाक आसावर घट्ट बसलंय त्याचा बैल फरपटतो, ज्याचं भोक मध्यावर नाही त्याचा लंगडतो, आणि बैल धावला नाही तर घरं कमी होतात. त्याच दिवशी महाल भागातल्या अरुंद गल्ल्यांतून निघणारे बडगे, म्हणजे मिरवणुकीतले मोठे पुतळे, बांबू-कागदाचे असतात. उंच दिसले पाहिजेत, खांद्यावर पेलले पाहिजेत, विजेच्या तारेत अडकले नाही पाहिजेत. यांना कुणी अभियांत्रिकी म्हणत नाही, म्हणून त्यांचे गुण कुठल्या वहीत धरले जात नाहीत.

हा अंक हातात पडेल तेव्हा शाळांना दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या असतील. घरात पोरं असतील तर यंदा तयार आकाशकंदील आणू नका. अटी या घ्या: वर्तमानपत्राचे चार कागद, खराट्याच्या पंधरा काड्या, हवी तेवढी सुतळी, आणि कणकेची खळ. विकतचं काही नाही, ग्लूगन नाही. उंची किमान दोन वीत. आत छोटा एलईडी दिवा, मेणबत्ती मुळीच नाही. कंदील न फाडता दिवा बदलता आला पाहिजे, आणि टेबलफॅनसमोर पाच मिनिटं टिकला पाहिजे. पडला तर का पडला ते पोरांनीच सांगायचं आणि त्याच सामानात दुसरा करायचा. खळ गॅसवर तुम्ही शिजवून द्या. त्यानंतर अभियंता असाल तर विशेषकरून, फराळाचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.